जानेवारीतला बर्फ

जानेवारीत बर्फाच्या पिशव्या कोण विकत घेतं?
आमच्या योकम गावात तरी कोणी नाही.
पेट्रोल पंपाच्या गल्ल्यावर अकरा वर्षं उभी आहे मी,
बर्फाचं गिऱ्हाईक मला तोंडपाठ:
मासे धरायला निघालेले, लग्नघरचे,
जुलैत ज्यांचा एसी बसला ते.
आल्विन कुबेना यातल्या कशातच बसेना.
सोमवारी चार पिशव्या. गुरुवारी पुन्हा चार.
"पार्टी आहे का?"
"झाडाला थंडी हवीय," तो म्हणाला,
पोराला ताप आहे म्हणावं, तसं.

त्याचं अंगण माझ्या कुंपणाला लागून.
संध्याकाळी बघते तर
ब्लॅकबेरीच्या बुंध्याशी बर्फ पसरून
म्हातारा गुडघ्यांवर,
आणि त्याच्या कोंबड्या जरा लांबून,
आपल्याला यातलं काही कळत नाही अशा.

रोप ओरेगनहून आलेलं,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून,
डोरीननं पाठवलेलं. जात: मॅरियन.
तिकडे म्हणे उन्हाळासुद्धा दार वाजवून येतो.
इथे टेक्ससमध्ये मे महिन्यात
गाडीचं स्टिअरिंग फडक्यानं धरावं लागतं.

तो वहीत तास मांडायचा.
पारा सात अंशांच्या खाली गेला, की तासाला एक रेघ.
आठशे लागतात, असं कुठूनसं ऐकलेलं त्यानं.
त्या हिवाळ्यात भरले दोनशे बारा.
उरलेले माझ्या दुकानातून,
पिशवीला दोन डॉलर एकोणपन्नास सेंट.

माझ्या बाजूला ब्राझोस आहे.
कोणी लावली, देव जाणे.
पाणी घातलं तर घातलं.
बाह्या फाडते, शिव्या खाते,
आणि एप्रिल सरायच्या आत काळीभोर लगडते.
आंबट आहे, मान्य. बिया दातांत बसतात, तेही मान्य.
वाडगाभर नेऊन दिली त्याला.
उभ्या उभ्या संपवली, बोटं पँटला पुसली.
"चांगली आहे," म्हणाला.
"पण ही इथलीच."

नवी काठी पहिल्या वर्षी नुसती वाढते,
दुसऱ्या वर्षी फळते, आणि मग वाळून जाते.
हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक.
म्हणून पहिल्या वर्षी त्यानं तिच्याकडे काही मागितलं नाही.
दुसऱ्या वसंतात कळ्या बऱ्याच,
पण बहुतेक मुठी मिटूनच बसल्या.
सात फुलं. त्यातली तीन धरली.
जूनमध्ये त्यानं वर चादर बांधली,
पिवळी, निळ्या फुलांची, लहान मुलीच्या पलंगाची असावी.
तरी ऊन शिरलंच कुठूनतरी,
दोन फळांचे दाणे एका अंगानं पांढरे पडले,
भाजल्यासारखे.

त्याला कमी ऐकू येतं, फोन तो मोठ्यानेच लावतो,
म्हणजे मी चोरून ऐकलं असं नाही.
"डॅडी, फळ धरलं का?"
"तीन."
पलीकडे जरा वेळ नुसती हवा.
मग ती हसली. म्हणाली,
आमच्याकडे तर रानटी ब्लॅकबेरी माजलीय नुसती,
रस्त्यावर येते, कुंपणं पाडते,
उपटायला माणसं लावलीत नगरपालिकेनं.
त्यानं चादरीचं एक टोक ताणून पुन्हा बांधलं.
"रोज काय देतात?" त्यानं विचारलं.
ती पुन्हा हसली.
तो हसला नाही, म्हणून मग मीही नाही.

ती तीन फळं त्यानं खाल्ली की ठेवली,
मी विचारलं नाही.
फळलेल्या काठ्या मात्र ऑगस्टात कापल्या,
जमिनीलगत, व्यवस्थित,
आणि नव्या दोन तारेला बांधल्या
जुन्या मोज्याच्या पट्ट्यांनी.

काल नोव्हेंबर लागला. दुकानात अजून पंखा फिरतोय.
तो आला, कॉफी घेतली, सुटे पैसे मोजले,
आणि दारापाशी, बर्फाच्या पेटीकडे न बघता,
"भाव वाढलाय का गं, नेल्डा?"
नाही, म्हटलं मी.
पंचवीस सेंटांनी वाढला होता.